गुणी बाळ

आपल्याकडे तान्ह्या बाळाचं कौतुक करायची एक ठरलेली भाषा आहे. "काय गुणी आहे हो! रडणं म्हणून नाही. पाजलं की झोपतं, उठवल्याशिवाय उठत नाही." ही वाक्यं मी आजवर किती बारशांना ऐकली असतील याची मोजदाद नाही. ज्या घरात रात्रभर टाहो फोडणारं कार्टं असतं त्या घरातल्या आईला तर ती मुद्दाम ऐकवली जातात. आणि बहुतेक वेळा त्यात वावगं काही नसतंच. काही बाळं खरोखरच शांत असतात.

पण बालरोगाचं कुठलंही पुस्तक उघडा आणि 'जन्मजात हायपोथायरॉइडिझम' हे पान काढा. लक्षणं काय दिली आहेत? बाळ फारसं रडत नाही. रडलं तर आवाज घोगरा येतो. झोप फार. दूध ओढायचा आळस. शी दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी. जन्मानंतरची कावीळ लवकर उतरत नाही. बेंबी फुगीर, टाळू मोठी, हातपाय गार. म्हणजे आजी ज्याला गुण म्हणते त्यातलं निम्मंअधिक या यादीत आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. का, ते पुढे येईलच.

आधी खुलासा. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत आकडे मोजले, निवृत्तीनंतर जुन्या गोष्टी वाचायचा नाद लागला. गेल्या वर्षी पुतणीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी नर्सने बाळाच्या टाचेला टोचून टिपकागदासारख्या जाड कागदावर रक्ताचे थेंब घेतले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. एवढ्याशा जिवाला सुई कशाला, चांगलं धडधाकट तर आहे. मला विचारलं गेलं, कारण "तू वाचतोस ना सगळं". त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी पावणेदोनशे वर्षं मागे जाऊन पोचलो.

थायरॉइड हा शब्द आता घरोघरी झाला आहे. निम्म्या काकू-मावश्या सकाळी उपाशीपोटी ती बारीक गोळी घेतात आणि मग अर्धा तास चहाची वाट बघतात. गळ्यातल्या या फुलपाखराच्या आकाराच्या ग्रंथीचा रस (थायरॉक्सिन) कमी पडला की मोठं माणूस सुस्त होतं, वजन वाढतं, केस गळतात. गोळी घेतली की बहुतांशी पूर्ववत होतं. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याचा मेंदू अजून बांधला जात असतो. पहिली दोन-तीन वर्षं, आणि त्यातही पहिले काही महिने, या बांधकामाला थायरॉक्सिन लागतंच. तेव्हा ते मिळालं नाही तर नंतर कितीही दिलं तरी ती भिंत पुन्हा बांधता येत नाही. उंची वाढते, कातडी सुधारते, बुद्धी मात्र परत येत नाही. या साऱ्या इतिहासाचा कळीचा मुद्दा हाच आहे.

युरोपात आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत अशी माणसं शेकडो वर्षं दिसत होती. बुटकी, गळ्याशी गलगंड, जीभ बाहेर, बोलणं नाही. त्यांना 'क्रेटिन' म्हणत. हा शब्द 'ख्रिस्ती' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाच्या बोलीरूपातून आला असं पुष्कळ कोशकार मानतात. म्हणजे 'असला तरी देवाचंच लेकरू' असा दयेचा सूर त्यात असावा. पुढे त्याचीच शिवी झाली. शब्दांचं हे नेहमीचंच. 'मतिमंद' हा आपला शब्दसुद्धा कुणीतरी सभ्यपणे वापरायला म्हणूनच घडवला असणार, आणि शाळेच्या मैदानावर त्याचं काय झालं ते आपण ऐकलं आहे.

दऱ्यांतला हा आजार पाण्या-मातीत आयोडीन नसल्यामुळे होतो हे समजायला फार वेळ लागला. आपल्याकडे ब्रिटिश काळात रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरने गिलगिट आणि चित्रालच्या खोऱ्यांत फिरून अशा मुलांच्या नोंदी केल्या आणि १९०८ मध्ये छापल्या. त्याचा सगळा भर घाण पाण्यावर होता. स्वातंत्र्यानंतर १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात एका भागाला आयोडीनयुक्त मीठ आणि दुसऱ्या भागाला साधं मीठ देऊन फरक दाखवला. त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, आणि आज आपल्या डब्यातल्या मिठात आयोडीन असतं ते त्याच वाटेने आलेलं.

इथे मीठवाली गोष्ट संपते. कारण मला ज्या बाळांबद्दल लिहायचं आहे ती मिठाने बरी होणारी नव्हती.

१८५० साली लंडनमध्ये थॉमस ब्लिझार्ड कर्लिंग या शल्यवैद्याने दोन मुलांच्या शवविच्छेदनाची हकीकत छापली. एक दहा वर्षांचं, दुसरं सहा महिन्यांचं. दोन्ही 'क्रेटिन'सारखी दिसणारी, पण आल्प्सपासून कोसो दूर जन्मलेली. गळ्यात गलगंड नव्हताच. उलट गळा उघडून पाहिला तर थायरॉइड ग्रंथीच नव्हती. तोवर सगळे समजत होते की ग्रंथी मोठी झाल्यामुळे बुद्धी खुंटते. कर्लिंगने दाखवलेली दोन मुलं नेमकं उलटं सांगत होती. १८७१ मध्ये चार्ल्स हिल्टन फॅगने अशी आणखी मुलं नोंदवली. गाव चांगलं, आईबाप चांगले, भावंडं चांगली आणि मधलंच एक मूल असं.

मग मोठ्या बायकांत तसाच आजार आढळला (विल्यम गल, १८७३), आणि खरा धक्का बसला तो स्वित्झर्लंडमध्ये. बर्नचा थिओडोर कोखर हा गलगंडाच्या शस्त्रक्रियेतला त्या काळातला सर्वात सफाईदार हात. १८७४ मध्ये त्याने एका अकरा वर्षांच्या मुलीची पूर्ण ग्रंथी काढली. जखम छान भरली, मुलगी घरी गेली. काही काळाने तिच्या गावच्या डॉक्टरकडून कळलं की मुलगी पार बदलली आहे, मंद झाली आहे. तिच्याहून लहान बहीण, जी आधी हुबेहूब तिच्यासारखी दिसे, ती तिला उंचीत मागे टाकून गेली होती. तिकडे जिनिव्हात रेव्हर्दँ यालाही आपल्या रोग्यांत १८८२ मध्ये असंच काही आढळलं. मग कोखरने आपले जुने रोगी परत बोलावले. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यांतले १८ जण आले, आणि त्यातल्या १६ जणांची तीच अवस्था झालेली. १८८३ मध्ये त्याने हे सगळं जाहीर सभेत वाचलं आणि यापुढे पूर्ण ग्रंथी काढायची नाही असं ठरवलं. १९०९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मला त्या नोबेलपेक्षा रोग्यांना परत बोलावण्याचं मोल जास्त वाटतं. यशस्वी झालेली शस्त्रक्रिया पुन्हा तपासायला कोण जातं हो?

लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने एक समिती नेमली आणि तिने १८८८ मध्ये निकाल दिला की ही सारी एकाच झाडाची फळं आहेत. दऱ्यातली मुलं, कर्लिंगची मुलं, गलच्या बायका आणि कोखरचे रोगी, सगळ्यांचं मूळ थायरॉइडच्या अभावात. समितीचा अहवाल येऊन तीन वर्षं होतात न होतात तोच उपायही सापडला. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. बाई सुधारली. पुढे ती १९१९ पर्यंत जगली, आणि तोवर तिने ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी रिचवल्या होत्या असा हिशोब आहे. दुसऱ्याच वर्षी लक्षात आलं की टोचायची गरज नाही, खाल्लं तरी चालतं. फॉक्स नावाच्या डॉक्टरने तर मेंढीची ग्रंथी हलकीशी तळून करंटच्या जेलीबरोबर खायला सांगितली होती. (शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी. पण जगातला पहिला हॉर्मोनचा उपचार हा असा थाळीत वाढून झाला आहे!)

लहान मुलांवरही लगेच प्रयोग झाले. त्या काळच्या वैद्यकीय मासिकांतले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो आजही बघवत नाहीत आणि नजरही हटत नाही. विल्यम ऑस्लरने १८९७ मध्ये अमेरिकेतल्या अशा रुग्णांवर मोठा लेख लिहिला, त्यातही ते आहेत. सुजलेला चेहरा, बाहेर आलेली जीभ, आणि वर्षभराने तेच मूल उभं राहिलेलं, चेहरा उतरलेला, डोळे कॅमेऱ्याकडे. डॉक्टर मंडळींना चमत्कार वाटला यात नवल नाही. पण फोटोत उंची येते, कातडी येते. बुद्धी फोटोत येत नाही.

आता घरचं सांगतो. चुलत-आते मंडळींपैकी जे हे वाचत असतील त्यांना अंदाज आलाच असेल.

बापूदादा. आत्याचा मोठा मुलगा. १९५५ चा जन्म, कोकणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरात मासळी नाही असा दिवस नाही, म्हणजे आयोडीनचा दुष्काळ वगैरे काही नव्हता. जन्मला तेव्हा चांगला भरदार होता म्हणे. आणि शांत. माझी आजी सांगायची की आत्याच्या नशिबाला देवाने असं गुणी पोर दिलं, आत्या शेतावर जाऊन यायची तोवर ते पाळण्यात हूं की चूं करायचं नाही. वर्षाचा झाला तरी बसेना. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. मग अंगारे, मग गावचे वैद्य, मग "होतात काही मुलं उशिरा". १९६६ मध्ये बेंबीशी आलेल्या हर्नियाचं ऑपरेशन करायला त्याला मुंबईला आणलं. अकरा वर्षांचा मुलगा, उंची तीन फुटांच्या आत. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि हर्निया बाजूलाच राहिला. गोळ्या सुरू झाल्या.

पुढचं वर्षभर आमच्या घरात बापूदादाशिवाय विषय नव्हता. तो वाढला! हातभर वाढला म्हणायचे, अगदी तेवढं नसेल, पण पॅन्टी आखूड व्हायला लागल्या. नवे दात आले. केस मऊ झाले. पोट साफ व्हायला लागलं, अंगात ऊब आली, तो हसायला लागला. ऑस्लरच्या लेखातले फोटो मी बघितले तेव्हा मला त्यातला प्रत्येक 'नंतर'चा फोटो ओळखीचा वाटला. पण वीसपर्यंत आकडे, घरातल्या माणसांची नावं आणि गोठ्यातल्या गुरांची नावं, याच्या पलीकडे तो कधी गेला नाही. वाळलेल्या सुपाऱ्या मात्र अशा निवडायचा की खराब सुपारी त्याच्या हातून सुटायची नाही. १९९८ मध्ये गेला.

त्या मोठ्या डॉक्टरांनी आत्याला एक वाक्य सांगितलं होतं. "बाई, तिसऱ्या महिन्याच्या आत आणलं असतंत तर मुलगा शाळेत गेला असता." वैद्यकीयदृष्ट्या ते खरंच होतं. पण ते वाक्य आत्याने तीस वर्षं उशाशी घेऊन झोपलेलं मी बघितलं आहे. आणि आपल्याच नात्यात ते वाक्य पुढे "आत्याने वेळेवर लक्ष दिलं नाही" असं झालं, तेही मी ऐकलं आहे.

म्हणून मला हे शोधून काढायचं होतं की १९५५ साली तिसऱ्या महिन्याच्या आत हा आजार ओळखणं कुणाला शक्य होतं.

पहिली गोष्ट म्हणजे ही बाळं जन्मतात तेव्हा इतरांसारखीच दिसतात. पोटात असताना आईचं थोडं थायरॉक्सिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. नाळ कापली की तो शिधा बंद होतो, पण शिल्लक काही दिवस पुरते. म्हणजे जन्माच्या वेळी, जेव्हा डॉक्टर-नर्सची नजर बाळावर असते, तेव्हा दाखवण्यासारखं काहीच नसतं. लक्षणं हळूहळू येतात, आठवड्या-आठवड्याने, आणि रोज बघणाऱ्याला हळूहळू येणारं दिसत नाही. शिवाय त्यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर अगदी साधं. कुठल्या बाळाला कावीळ होत नाही? कुठलं बाळ झोपत नाही?

हे फक्त आपल्याकडच्या खेड्यांचं नव्हतं. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे प्रत्येक बाळाला डॉक्टर बघतो, तिथल्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या तर पहिल्या महिन्यात या आजाराची साधारण दहातली एकच केस ओळखली गेली होती. तीन महिन्यांपर्यंत जेमतेम एक तृतीयांश. वर्ष उलटलं तरी बरीच मुलं निदानाशिवाय राहिलेली. आणि उशीर किती महाग पडतो त्याचा हिशोब अमेरिकेत क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मांडला. उपचार तीन महिन्यांच्या आत सुरू झाले तर सरासरी बुद्ध्यांक ८९. तीन ते सहा महिन्यांत सुरू झाले तर ७० च्या आसपास. त्यानंतर ५४. बँकेतल्या माणसाला असे उतरते आकडे फार लवकर कळतात.

म्हणजे १८९१ मध्ये औषध हाताशी आलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी केंडलने अमेरिकेत शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले, १९२७ पर्यंत हॅरिंग्टनने ते प्रयोगशाळेत बनवलं, मेंढ्या सुटल्या. पण बाळ कोणतं ते ओळखायचं साधन डोळा हेच राहिलं. आणि चेहरा बोलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ऐंशी वर्षं औषध कपाटात होतं आणि द्यायचं कुणाला ते वेळेत कळत नव्हतं.

ते कळायला लागलं ते दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या खटपटींमुळे, आणि त्यांतला एकही थायरॉइडच्या मागे नव्हता.

एक, बफेलोचा रॉबर्ट गथ्री. याचा स्वतःचा मुलगा बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मला होता, आणि मेव्हणीच्या मुलीला पीकेयू हा चयापचयाचा आजार निघाला, तोही वेळ गेल्यावर. गथ्री पेटला. त्याने जाड टिपकागदावर बाळाच्या टाचेतलं रक्त वाळवून घ्यायची युक्ती काढली. वाळलेल्या डागाची लहानशी टिकली पाडायची आणि तिच्यावर चाचणी करायची. १९६३ मध्ये त्याने हे छापलं. युक्तीचं मर्म चाचणीपेक्षा कागदात होतं. रक्ताची बाटली फुटते, सांडते, नासते. कागद पाकिटात घालून टपालाने पाठवता येतो. शंभर मैलांवरच्या खेड्यातलं बाळ पोस्टमनच्या पिशवीतून प्रयोगशाळेत पोचतं!

दुसरी, न्यूयॉर्कची रोझलिन यॅलो. ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत तिने आपली पहिली प्रयोगशाळा थाटली होती. सॉलोमन बर्सनबरोबर तिने किरणोत्सारी अणू वापरून रक्तातला हॉर्मोन मोजायची रीत काढली (१९५९-६०), आणि तीही इन्शुलिनसाठी. त्याआधी असल्या सूक्ष्म मात्रा मोजणं जवळपास अशक्यच होतं. त्यांचा सुरुवातीचा एक निबंध मोठ्या मासिकाने परत पाठवला होता. ते नकाराचं पत्र तिने जपून ठेवलं आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात दाखवलं! बर्सन तोवर वारला होता. या रीतीचं पेटंट दोघांनी घेतलं नाही, हेही लिहून ठेवावंसं वाटतं.

गथ्रीचा कागद आणि यॅलोची मोजणी यांची गाठ घातली ती कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. लाव्हाल विद्यापीठातला तरुण डॉक्टर जाँ द्युसो याने वाळलेल्या रक्ताच्या टिकलीतून थायरॉक्सिन मोजून दाखवलं. क्लोद लाबेर्ज या त्याच्या सहकाऱ्याचं इतर आजारांसाठी नवजात बाळांचे कागद गोळा करायचं जाळं तिथे आधीच होतं, त्यामुळे वेगळी सुई टोचायचीही गरज नव्हती. १९७३ मध्ये पद्धत छापली गेली, १९७४ मध्ये प्रांतभर तपासणी सुरू झाली. थोड्याच वर्षांत अमेरिका, युरोप, जपान या मार्गाने गेले. बरीच ठिकाणं थायरॉक्सिनऐवजी टीएसएच मोजायला लागली. ग्रंथी काम करत नसेल तर मेंदूखालची पिट्युटरी तिला ओरडून ओरडून जागं करते, तो ओरडा म्हणजे टीएसएच. पंधरवड्याच्या आत गोळी सुरू झालेली ही बाळं पुढे शाळेत गेली, आणि बहुतेकांना वर्गात वेगळं ओळखता येईना.

तर उत्तर मिळालं. १९५५ साली तिसऱ्या महिन्याच्या आत बापूदादाला ओळखणारं यंत्र पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नव्हतं. ते यायला अठरा वर्षं होती. आत्याने त्याला कोपनहेगनला जन्म दिला असता तरी शक्यता तीनात एक. डॉक्टरांचं वाक्य चुकीचं नव्हतं, पण ते आत्याला उद्देशून बोलायचं वाक्य नव्हतं. आपल्यापैकी ज्यांनी ते पुढे वापरलं त्यांच्यासाठी हे आकडे मुद्दाम इथे लिहून ठेवतो आहे. आत्या असती तर तिला वाचून दाखवले असते.

असो. पुतणीच्या बाळाच्या कागदावर आणखी एका आजाराची चौकट होती, त्याबद्दल थोडक्यात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन ग्रंथी असतात. काही बाळांत तिथलं एक विकर जन्मतःच काम करत नाही, त्यामुळे शरीरात मीठ धरून ठेवणारा रस तयार होत नाही आणि पुरुषी हॉर्मोन मात्र उतू जातो. नाव लांबलचक आहे, 'कन्जेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया'. मुलगी असेल तर तिचे बाह्य अवयव वेगळे दिसतात, निदान कुणी थबकून बघतं तरी. मुलगा असेल तर काहीच दिसत नाही. घरी जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होऊन बघता बघता मीठ-पाणी संपून जातो. उलट्या-जुलाबांनी गेला म्हणून किती मुलगे नोंदले गेले असतील, कोण सांगणार? कॉर्टिसोनने हा आजार आटोक्यात येतो हे बाल्टिमोरच्या लॉसन विल्किन्सने १९५० मध्ये दाखवलं होतं. आणि ओळखायची युक्ती सॉन्ग्या पँग यांनी १९७७ मध्ये काढली. पुन्हा तोच कागद, तीच टिकली.

आपल्याकडे मुंबईत वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच कागदावरच्या रक्तातून थायरॉइडची तपासणी करून पाहिली होती. पुढे आयसीएमआरने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे मिळून लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. २०१८ मध्ये छापलेला निकाल असा की थायरॉइडचा आजार ११३० बाळांमागे एक, आणि ॲड्रिनलचा ५७६२ मागे एक. पाश्चात्त्य पुस्तकांत थायरॉइडचा आकडा तीन-चार हजारांत एक असा असायचा. म्हणजे आपण ज्याला दुर्मिळ म्हणून बाजूला ठेवलं ते आपल्याकडे तितकं दुर्मिळ नाहीच.

चंदीगडने २००७ मध्ये, गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची तपासणी सुरू केली. केरळही त्या वाटेने गेलं. देशभर प्रत्येक बाळाची सक्तीने तपासणी मात्र नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यात तेव्हा तीस आजारांची यादी होती. जन्मजात हायपोथायरॉइडिझम त्या यादीत होता, पण कंसात शब्द होता 'ऐच्छिक'.

अडचणी खोट्या नाहीत. जन्मल्याबरोबर प्रत्येकच बाळाचं टीएसएच एकदम उसळतं, म्हणून दोन-तीन दिवस थांबून रक्त घेतलेलं बरं. आणि आपल्याकडे खाट रिकामी करायची घाई असते, बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी. त्यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी नाळेतलं रक्त तपासतात. त्यापुढची अडचण खास आपली. बाळंतपण माहेरी, नोंद सासरच्या पत्त्याची, फोन नवऱ्याचा, आणि बाळाला बारशापर्यंत नावच नाही. संशयास्पद निकाल आला तर प्रयोगशाळेने शोधायचं कुणाला? वेळ तर चौदा दिवसांची. आपल्याकडे सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. तिला निदान घर तरी सापडतं.

उपचार इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. रोज सकाळी एक चिमुकली गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात. महिन्याचा खर्च एका साध्या हॉटेलातल्या जेवणाइतका नाही. मधून मधून रक्ततपासणी, वजनाप्रमाणे मात्रा वाढवायची, बस.

घरात कुणाला दिवस गेले असतील तर बाळाची टीएसएचची तपासणी होणार आहे का हे इस्पितळात आधीच विचारून ठेवा. रिपोर्ट मागून घ्या, "काही असेल तर कळवतील" यावर विसंबू नका. आणि फॉर्मवर दोन्ही पत्ते लिहा, सासरचा आणि माहेरचा.